यंत्र विकले, पुस्तिका मात्र कुलपात

रेडिओ केंद्राने नवा ट्रान्समीटर घेतला की त्याच्याबरोबर कागदांचे एक जाड बाड येते. त्यात यंत्र उभे करण्याच्या सूचना असतात, प्रत्येक विभाग कसा काम करतो याचे विवेचन असते, सर्किटच्या घडी घातलेल्या मोठ्या आकृत्या असतात, सुट्या भागांची यादी असते, आणि बहुधा शेवटी एक कागद असा असतो, की जो दुसऱ्या कोणत्याही यंत्राबरोबर गेलेला नसतो : कारखान्यातल्या अंतिम चाचणीच्या वेळी त्या विशिष्ट यंत्राच्या प्रत्येक मीटरने काय दाखवले याची नोंद. अभियंते या सगळ्याला मिळून मॅन्युअल म्हणतात. यंत्र नवे असते तोवर ते बाड क्वचितच उघडले जाते, आणि यंत्र जुने होऊन त्याची खरी गरज लागते तेव्हा ते कपाटात असेलच याची खात्री कोणालाही देता येत नाही. उत्पादकाकडे मागावे तर तो अनुक्रमांक विचारतो, मूळ खरेदीदाराचे नाव विचारतो, किंवा तो उत्पादकच आता अस्तित्वात नसतो. माझे म्हणणे असे आहे, की ट्रान्समीटर, स्टुडिओपासून ट्रान्समीटरपर्यंतची लिंक, ऑडिओ प्रोसेसर, अँटेना ट्यूनिंग युनिट अशा सर्व प्रसारण-उपकरणांची संपूर्ण मॅन्युअल, सर्किटच्या आकृत्यांसह, कोणालाही उतरवून घेता येतील अशा रीतीने इंटरनेटवर असली पाहिजेत. आणि ही अट यंत्र विकत घेतानाच घातली गेली पाहिजे, कारण ते बंद पडल्यावर ती घालण्याची ताकद कोणाकडेच उरत नाही.

अनुभवी माणसाला यंत्र पाहूनच सगळे कळते, मग पुस्तिकेवाचून एवढे काय अडते, असे विचारणारे लोक प्रसारणसंस्थांच्या व्यवस्थापनात भेटतात. त्यांच्यासाठी एकच उदाहरण जरा विस्ताराने देतो. मोठ्या शक्तीच्या व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्समीटरमधल्या निर्वात नळीचे, फिलामेंट (आतली तापणारी तार) बहुधा थोरियममिश्रित टंगस्टनचे असते. तार तापली की पृष्ठभागावर आलेला थोरियम इलेक्ट्रॉन सोडतो आणि तारेवरचा कार्बाइडचा थर हळूहळू संपत जातो. तो संपला की व्हॉल्व्हचे आयुष्य संपले. फिलामेंटचे व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त ठेवले तर हा थर लवकर झिजतो, आणि फार खाली नेले तर उत्सर्जनच अपुरे पडते. म्हणून व्हॉल्व्ह बनवणारे सांगतात, की सुरुवातीचे साधारण दोनशे तास ठरलेल्या व्होल्टेजवर यंत्र चालवावे, मग व्होल्टेज ०.१ व्होल्टच्या टप्प्यांनी उतरवत जावे, आउटपुटवर परिणाम दिसू लागताच ते किंचित वर आणावे आणि तेथे स्थिर ठेवावे. आणि हे मोजमाप प्रत्यक्ष सॉकेटवर, ट्रू आरएमएस मीटरने, म्हणजे प्रत्यावर्ती व्होल्टेजचे खरे परिणामी मूल्य मोजणाऱ्या मीटरने, करावे. या एका शिस्तीने व्हॉल्व्हचे आयुष्य पुष्कळ वाढते. पण ही झाली व्हॉल्व्हची माहिती. या ट्रान्समीटरमध्ये ते व्होल्टेज कोठून बदलायचे, समोरच्या पॅनेलवरचा मीटर सॉकेटवरचे व्होल्टेज दाखवतो की ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचे, उच्च दाब बंद ठेवून ही मोजणी कशी करायची, हे फक्त ट्रान्समीटरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. अनुभव इथे अंदाज देतो, आणि त्या अंदाजाची किंमत एका व्हॉल्व्हच्या रूपाने मोजावी लागते.

चाचणीच्या नोंदीचेही तेच आहे. वीस वर्षांनी व्हॉल्व्हच्या ग्रिडचा, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीचा, करंट अपेक्षेच्या निम्मा दिसतो. हा बिघाड आहे की हे यंत्र पहिल्या दिवसापासून असेच वागत आले आहे? अभियंता रात्रभर विचार करील, तरी त्या एका कागदावाचून त्याला याचे उत्तर सापडणार नाही.

प्रसारणाची यंत्रे दीर्घायुषी असतात आणि ती बनवणाऱ्या कंपन्या तशा नसतात, ही या प्रश्नाची मूळ गाठ आहे. गेट्स रेडिओ ही कंपनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या क्विन्सी या गावी सुरू झाली. १९५७ मध्ये ती हॅरिस-इंटरटाइपने घेतली, आणि पुढे कित्येक दशके तिचे ट्रान्समीटर हॅरिस या नावाने जगभर गेले. २०१३ मध्ये हॅरिसने आपला प्रसारण-विभाग विकला आणि २०१४ मध्ये त्याचे दोन तुकडे होऊन ट्रान्समीटरचा भाग गेट्सएअर या नावाने वेगळा झाला. कॉलिन्स या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा प्रसारण-ट्रान्समीटरचा व्यवसाय १९८० मध्ये कॉन्टिनेन्टल इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला. आरसीए या तिसऱ्या बड्या अमेरिकी कंपनीने तर १९८५ मध्ये आपला प्रसारण-उपकरणांचा विभागच बंद करण्याचे जाहीर केले. कॉलिन्स आणि गेट्स यांच्या बाबतीत निदान कोणीतरी वारसदार होता; आरसीएचे ट्रान्समीटर ज्यांच्याकडे होते त्यांचा निर्माताच एका निर्णयासरशी या व्यवसायातून गेला. प्रत्येक खरेदी-विक्रीत कारखान्याची जागा बदलते, जुनी माणसे निवृत्त होतात, रेखाचित्रांची कपाटे हलवली जातात, आणि कोणाच्याही हिशेबवहीत मालमत्ता म्हणून न दिसणारे कागद सर्वांत आधी गहाळ होतात. गेट्सच्या बीसी-१टी या १ किलोवॅटच्या मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरमध्ये ८३३ए जातीचे चार व्हॉल्व्ह असतात, दोन मॉड्युलेटरमध्ये (रेडिओलहरींवर आवाज चढवणाऱ्या विभागात) आणि दोन आरएफ आउटपुटमध्ये (रेडिओलहरींची शक्ती वाढवणाऱ्या विभागात). अशी यंत्रे आपल्या निर्मात्याच्या नावापेक्षा जास्त टिकली. त्यांना जिवंत ठेवणाऱ्यांनी ती कागदपत्रांच्या आधाराने ठेवली, आणि ती कागदपत्रे बहुतेक वेळा एका अभियंत्याने दुसऱ्याला दिलेली होती.

नव्या यंत्रांबाबत परिस्थिती सुधारेल अशी अपेक्षा होती, कारण आता मॅन्युअल मुळातच संगणकावर तयार होते आणि छपाईचा खर्चही उरलेला नाही. झाले उलटे. व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या सॉलिड स्टेट ट्रान्समीटरमध्ये शक्ती अनेक छोट्या मॉड्यूलमधून येते. एक बिघडले तर ते काढून दुसरे बसवता येते आणि प्रसारण चालू राहते, ही मोठीच सोय आहे. पण या सोयीचा आधार घेऊन अनेक मॅन्युअलमधून मॉड्यूलच्या आतले सर्किट गाळले गेले आहे. तेथे एक चौकोन असतो, आत जाणारा बाण, बाहेर येणारा बाण, आणि खाली सूचना : मॉड्यूल कारखान्याकडे पाठवा. कारखाना ते दुरुस्त करतो तोवर ठीक. ज्या दिवशी कंपनी त्या मालिकेचा आधार थांबवते, त्या दिवशी ट्रान्समीटरमधील प्रत्येक मॉड्यूल एक बंद पेटी होऊन बसते. त्यात एखादा ट्रान्झिस्टर आणि चार रेझिस्टर बदलण्यापुरतेच काम असले तरी ते करता येत नाही. जी पाने उरली आहेत तीही खरेदीदाराच्या नोंदणीमागे असतात. मोठ्या केंद्रांनी काढून टाकलेले ट्रान्समीटर लहान, सामुदायिक किंवा शैक्षणिक केंद्रे घेतात; यंत्राचा हा दुसरा मालक कंपनीच्या नोंदीत कोणीच नसतो, आणि ज्याच्याकडे तज्ज्ञ ठेवण्याइतका पैसा सर्वांत कमी आहे त्यालाच नेमकी माहिती नाकारली जाते. हा अन्याय आहे असे मला ठामपणे वाटते.

उत्पादकांचे आक्षेप मी गांभीर्याने घेतो. पहिला आक्षेप स्वामित्वहक्काचा. मॅन्युअल ही लिहिलेली कृती आहे, तिच्यावर हक्क आहे, हे खरेच. पण तो हक्क किती काळाचा आहे ते पाहावे. अमेरिकेच्या कायद्यानुसार १९७८ नंतर संस्थेसाठी लिहिलेल्या प्रकाशित कृतीवर सर्वसाधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षे हक्क राहतो. म्हणजे १९८० मध्ये छापलेले एखाद्या ट्रान्समीटरचे मॅन्युअल २०७५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तोवर तो ट्रान्समीटर भंगारात गेलेला असेल, त्याचे व्हॉल्व्ह बनवणे थांबलेले असेल, आणि कदाचित त्या पट्ट्यावरचे प्रसारणही संपलेले असेल. साहित्यकृतीच्या लेखकाला आणि त्याच्या वारसांना उत्पन्न मिळावे म्हणून आखलेली मुदत येथे अशा कागदाला लागू होते, की ज्याच्या विक्रीतून आता कोणालाही काही मिळत नाही. त्याच देशातल्या १९६४ पूर्वीच्या ज्या प्रकाशनांच्या हक्काचे वेळेवर नूतनीकरण झाले नाही ती सार्वजनिक मालकीची झाली; त्यामुळे अधिक जुन्या यंत्राचे मॅन्युअल मोकळेपणाने वाटता येते आणि त्यानंतरच्या यंत्राचे वाटताना भीती वाटते, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली आहे.

या आक्षेपावर उत्तर शोधण्याचीही गरज नाही, कारण ते शेजारच्याच क्षेत्रात दिले गेलेले आहे. ऑसिलोस्कोप बनवणाऱ्या टेक्ट्रॉनिक्सने आपली जी छापील मॅन्युअल आता छापली जात नाहीत आणि कंपनीकडून विकतही मिळत नाहीत, त्यांच्या प्रती काढण्याची आणि वाटण्याची परवानगी सर्वांना देऊन टाकली. ह्युलेट-पॅकार्डची मोजमापाची उपकरणे आधी अ‍ॅजिलंट आणि मग २०१४ मध्ये कीसाइट या नावाखाली गेली, तरी त्यांची अनेक जुनी मॅन्युअल कंपनी स्वतःच मोफत उतरवून घेऊ देते. या कंपन्यांचे यामुळे नुकसान झाल्याचे दिसत नाही. उलट, पन्नास वर्षांपूर्वीचे उपकरण अजून टेबलावर चालते आहे हे पाहूनच कित्येक अभियंते त्या नावावर विश्वास ठेवतात. परवानगीचे हे चार ओळींचे पत्र प्रत्येक ट्रान्समीटर-उत्पादकाला एका दिवसात लिहिता येईल.

प्रतिस्पर्धी आपले सर्किट चोरतील, ही भीती मला फारशी पटत नाही. ज्याला नक्कल करायची आहे तो एक यंत्र विकत घेऊन उघडून पाहतो. अडचण होते ती फक्त दुरुस्ती करणाऱ्याची.

सुरक्षिततेचा आक्षेप याहून वजनदार आहे. व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरमध्ये हजारो व्होल्ट असतात, वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो, आणि काही व्हॉल्व्ह व आरएफ ट्रान्झिस्टर यांतील बेरिलियम ऑक्साइडची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. अप्रशिक्षित माणसाच्या हाती सर्किटच्या आकृत्या दिल्या तर तो जिवाला मुकेल, असे उत्पादक म्हणतात. मला हा युक्तिवाद नेमका उलट्या बाजूने दिसतो. रात्री प्रसारण बंद पडले की त्या यंत्राचे दार कोणीतरी उघडणारच आहे. कपॅसिटरमधला भार कोणत्या ब्लीडर रेझिस्टरमधून उतरतो, तो रेझिस्टर तुटला असल्यास काय होईल, जमिनीला जोडलेली काठी कोणत्या बिंदूला लावायची, कोणता इंटरलॉक (दार उघडताच वीज तोडणारा स्विच) कोणता पुरवठा तोडतो आणि कोणता पुरवठा दार उघडे असतानाही चालूच राहतो, कोणत्या भागाच्या सिरॅमिकला कधीही घासू किंवा फोडू नये, हे सारे त्याच मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर असते. ती पाने दडवल्याने दार बंद राहत नाही, फक्त दार उघडणारा माणूस आंधळा होतो. धोक्याची माहिती सर्वांत आधी मोकळी झाली पाहिजे.

चौथा आक्षेप अलीकडचा आहे आणि त्याच्या मागे एक खरी घटना आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या एका दूरचित्रवाणी केंद्राच्या आपत्कालीन सूचना-यंत्रणेत कोणीतरी शिरले आणि मृतदेह थडग्यांतून उठत आहेत अशी खोटी सूचना प्रेक्षकांपर्यंत पोचली. यंत्राबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्ड केंद्राने बदललेला नव्हता, आणि तो पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असून ते मॅन्युअल इंटरनेटवर होते. म्हणजे मोकळे मॅन्युअल घातक ठरले, असा निष्कर्ष काढला जातो. पण घडले काय ते नीट पाहावे. सर्व यंत्रांना एकच पासवर्ड देणे ही रचनेतली चूक होती, तो न बदलणे ही केंद्राची चूक होती, आणि ते यंत्र संरक्षणाविना थेट इंटरनेटला जोडणे ही त्याहून मोठी चूक होती. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी लष्करी गुप्तलेखनाविषयी मांडलेले तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते : यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी ती सुरक्षित राहिली पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्यावा, पहिल्या वापरात तो बदलायला भाग पाडावे, आणि मॅन्युअल मोकळे ठेवावे. केंद्राच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात कोणते दार उघडे आहे हे त्या मॅन्युअलमधूनच कळणार आहे.

आज जे काही जुने मॅन्युअल मिळते ते बहुतांशी स्वयंसेवकांच्या कष्टातून मिळते. २०१५ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात जुन्या उपकरणांची मॅन्युअल विकणारे एक दुकान बंद होणार होते आणि त्यातले कागद फेकले जाणार होते. जेसन स्कॉट या संग्राहकाने हाक दिली, अनोळखी माणसे जमली, आणि काही दिवसांत हजारो मॅन्युअल खोक्यांत भरून वाचवली गेली. निवृत्त अभियंते आपापल्या घरी बसून पाने स्कॅन करत असतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तरी त्या आदरापोटी एक गोष्ट लपवू नये, की घाईने केलेले स्कॅन पुष्कळदा निरुपयोगी ठरते. घडीचे मोठे पान स्कॅनरवर मावत नाही म्हणून ते दोन तुकड्यांत घेतले जाते आणि जोडाच्या जागीच तीन रेषा हरवतात. कमी बारकाईने घेतलेल्या प्रतीत ३ आणि ८ सारखेच दिसतात. मी स्वतः एकदा एका मॉनिटरिंग सर्किटमधला रेझिस्टर बदलण्यासाठी अशा प्रतीवर विसंबलो होतो. दशांश चिन्ह त्या स्कॅनमध्ये पुसले गेले होते आणि परावर्तित शक्तीचा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचा, मीटर आठवडाभर खोटे आकडे दाखवत राहिला. त्याहून सूक्ष्म अडचण आवृत्त्यांची असते. एकाच मॉडेलच्या यंत्रांमध्ये ठरावीक अनुक्रमांकानंतर सर्किट बदललेले असते, आणि त्यानंतर कंपनीने सेवापत्रके काढून आणखी दुरुस्त्या सुचवलेल्या असतात. मॅन्युअल मिळाले पण ते आपल्या यंत्राच्या आधीच्या आवृत्तीचे निघाले, तर आकृतीत नसलेला भाग यंत्रात दिसतो, आणि अभियंता आधीच्या कोणी केलेली जोडणी समजून तो काढूनही टाकतो. हे सारे नीट करू शकेल असा घटक एकच आहे, तो म्हणजे ज्याच्याकडे मूळ रेखाचित्रे आणि अनुक्रमांकांची नोंदवही आहे तो उत्पादक.

इंटरनेटवर म्हणजे नेमके कसे, हेही सांगितले पाहिजे. ट्रान्समीटर गावाबाहेर, डोंगरावर किंवा पाणथळ मैदानात असतो, आणि तेथील संपर्क नेमका वादळाच्या रात्री तुटतो. खाते उघडून, ब्राउझरमध्ये, एकेक पान दाखवणारी व्यवस्था त्या रात्री काही कामाची नाही. मॅन्युअल पूर्ण उतरवून घेता आले पाहिजे, छापता आले पाहिजे, आणि भागाच्या क्रमांकावरून त्यात शोधता आले पाहिजे. शिवाय एकाच ठिकाणच्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला आणि ते विशाल भांडार काही दिवस बंद राहिले. ज्या केंद्रांनी हवे ते आधीच उतरवून ठेवले होते त्यांचे काही अडले नाही. प्रती अनेक असाव्यात आणि अनेकांकडे असाव्यात, म्हणूनच प्रत काढण्याची उघड परवानगी आवश्यक आहे.

हे सगळे कशासाठी, तर रेडिओ हे अजूनही शेवटचे साधन आहे म्हणून. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावरची मोबाइलची ९० टक्क्यांहून अधिक केंद्रे निकामी केली, तेव्हा वापा रेडिओ हे मध्यम लहरींवरचे केंद्र प्रसारण करत राहिले आणि लोक आपल्या माणसांचा ठावठिकाणा त्यावरून विचारत होते. अशा वेळी चालू राहणारे यंत्र ही एका कंपनीची खासगी बाब राहत नाही.

कायद्याकडून लवकर मदत मिळेल असे मला वाटत नाही. दुरुस्तीच्या हक्काचे कायदे येत आहेत, पण ते मुख्यतः घरगुती वस्तूंकडे पाहतात. युरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश धुलाई यंत्रे, शीतकपाटे, फोन अशा वस्तूंविषयी आहे, आणि न्यूयॉर्क राज्याच्या २०२२ च्या कायद्यातून एका व्यवसायाने दुसऱ्याला विकलेली उपकरणे वगळली गेली. ट्रान्समीटर कोणीही दुकानातून घेत नाही. पण नेमक्या याच कारणाने प्रसारणसंस्थांच्या हाती एक ताकद आहे, जी फोन घेणाऱ्याकडे नसते : त्या निविदा काढतात आणि करार करतात. निविदेत चार अटी लिहिता येतात. मॉड्यूलच्या आतल्या सर्किटसह संपूर्ण मॅन्युअल उतरवण्याजोग्या स्वरूपात द्यावे. पुढची प्रत्येक सुधारणा आणि सेवापत्रक द्यावे. यंत्र दुसऱ्याला विकल्यास हा हक्क त्याच्याबरोबर जावा. आणि उत्पादकाने त्या मालिकेचा आधार थांबवल्यास किंवा व्यवसाय बंद केल्यास सर्व कागदपत्रे सर्वांसाठी खुली व्हावीत. सार्वजनिक प्रसारणसंस्था एकेका वेळी अनेक ट्रान्समीटर घेतात. त्यांच्यापैकी काहींनी जरी हे लावून धरले तरी उत्पादकाला दोन प्रकारची मॅन्युअल ठेवणे परवडणार नाही, आणि लहान केंद्रांना तीच कागदपत्रे आपोआप मिळतील.

नव्या यंत्रांसाठी हे झाले. जुन्यांसाठी मात्र वेळ कमी आहे, कारण मध्यम लहरींची केंद्रे ठिकठिकाणी बंद होत आहेत आणि ट्रान्समीटर तोडला जातो त्याच आठवड्यात त्याच्या शेजारचे कपाटही रिकामे होते. तोडणीच्या कंत्राटात तांबे आणि ट्रान्सफॉर्मरमधले तेल यांचा हिशेब असतो, तसा कागदांचाही असावा. कपाट उघडून मॅन्युअल, सेवापत्रके आणि चाचणीची नोंद बाहेर काढावी, घडीची पाने मोठ्या यंत्रावर अखंड स्कॅन करावीत, जुन्या अभियंत्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले पुसू नये, आणि यंत्राचा अनुक्रमांक प्रत्येक फाइलच्या नावात घालावा. हे काम एका माणसाचे दोन दिवसांचे आहे.